खरपुडीची भावकी

लांझारोटे, कॅनरी बेटं
बुधवार, ४ सप्टेंबर २०२४

ती. मामा,

सुखरूप पोचले. मामीला सांगा, विमानात उलटी झाली नाही.

हे पत्र तुम्ही पुढच्या मंगळवारी वेल्ह्याला उतराल तेव्हाच मोबाईलवर पडेल, हे ठाऊक आहे. धनगरवाड्यावर रेंज नाही म्हणून मी किती चिडायचे! आता बरं वाटतं. नाहीतर रोज ‘जेवले, झोपले’ एवढंच कळवलं असतं.

मामा, इथं नजर जाईल तिथं काळी राख आणि फुटक्या विटांसारखा दगड. तीनशे वर्षांपूर्वी डोंगर फुटला आणि सहा वर्षं आग ओकत राहिला, म्हणे. आपला तोरण्याचा कातळही असाच वितळून वाहिलेला, हे मी पुस्तकात शिकले होते. इथं तो ताजा ओतल्यासारखा दिसतो. वरून चाललं तर बूट फाटतात.

आल्या आल्या एका जुन्या खाणीतली निवडुंगांची बाग बघितली. माणसाहून उंच खांब, उशीसारखे काटेरी गोळे, हजारोंनी. पण ती सगळी लांबून, अमेरिकेतून आणून लावलेली. आमच्या सहलीतले बारा जण तिथंच तीन तास फोटो काढत बसले. मला आवडली ती बाहेरची, राखेत आपसूक उगवलेली इथली झुडपं. जाड बोटांएवढ्या फांद्या, टोकाला मूठभर पानं, तोडलं की पांढरं दूध. आपल्या कुंपणाच्या शेराची चुलत बहीण म्हणा. एक म्हातारा शेळीवाला भेटला. आमची गाईड नायरा इथलीच आहे, तिनं मध्ये बोलून समजावलं. करडाचं दूध तोडायचं असलं की पूर्वी या झाडाचा चीक शेळीच्या सडांना लावायचे, तो वाळून चिकटला की करडाला पिता येत नाही. मी म्हटलं, आमच्याकडे शेण लावतात. तो इतका हसला की काठी पडली.

ही सहल काढणाऱ्या सोमनाथ सरांचं माझ्याबद्दल चांगलं मत झालंय असं दिसतं. रोपांची नावं सांगायला, लोकांची उठबस बघायला त्यांनी मलाच पुढे केलंय. परत गेल्यावर त्यांच्या पुण्याच्या रोपवाटिकेत कायमची घेतील असं बोलले.

वरच्या कड्यावरचे खरपुडीचे वेल फुलले असतील आता. कुणी विचारलं तरी दाखवू नका हं. उगीच आपलं आठवलं म्हणून लिहिलं.

तुमची,
रत्ना


वेल्हे
मंगळवार, १० सप्टेंबर

रत्ना, बाय,

तुझं पत्र हितं स्टँडसमोरच्या हॉटेलात बसून दोनदा वाचलं. आता वहीच्या कागदावर लिवतोय, फोटो काढून धाडतो. अक्षर लागंल तसं लाव.

मामीबी आज संगं आलीया. चिकाचं ऐकून म्हनली, शेन फुकट असताना झाड कशाला तोडायचं. तुझ्या त्या म्हाताऱ्याला किती शेळ्या हायत त्ये न्हाई लिवलंस.

हितं पाऊस धरून हाय. दोन करडं गेली, बाकी बरं हाय. खरपुडी फुलली. औंदा लई फुलली. कंदील टांगल्यावानी दिसत्यात.

एक इचारायचं हाय. गेल्या शुक्रवारी दोन मानसं आली. पांढरा टेम्पो खाली रस्त्याला लावून चालत वर आली. म्हनली, सोमनाथ सायबांनी धाडलंय, रत्ना मॅडमनी सांगितलंय की कड्यावर खरपुडी हाय, आमाला फकस्त फोटो काढायचं हायत. म्या चा पाजला आन म्हनलं, वाट निसरडी हाय, पावसात कुनी जात न्हाई. गेली माघारी.

तू त्यांना सांगितलं व्हतंस का? सांगितलं असंल तर तसं लिव. माजं काय म्हननं न्हाई. फकस्त ठाऊक असावं.

येश्टी आली.

मामा


टेनेरिफ
बुधवार, ११ सप्टेंबर

ती. मामा,

मी कुणालाही काही सांगितलेलं नाही. सरांना मी वेल्ह्याची आहे एवढं ठाऊक आहे, त्यावरून त्यांनी अंदाज केला असेल. ती माणसं नक्की माघारी गेली ना? तुम्ही त्यांना गाडीपर्यंत जाताना बघितलं का? एकदा कड्यावर जाऊन या. पाऊस असला तरी जा. मी असं सांगायला नको, तुमचा गुडघा दुखतो, पण जाच.

इथं काल जे बघितलं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. समुद्राकाठी उतरणीवर, काळ्या दगडाच्या फटीतून राखाडी काड्या वर आलेल्या, हातभर उंच, बिनपानांच्या. वाटलं, कुणीतरी वाळक्या काटक्या रोवून ठेवल्यात. नायरा गुडघ्यावर बसली आणि एक वाळलेलं फूल दाखवलं. मामा, तो कंदीलच! बारका, तपकिरी, वर पाकळ्यांची टोकं जुळलेली. आपल्या खरपुडीची भावकी आहे ती. आपली पावसात जगते, जमिनीत कंद ठेवून उन्हाळा काढते. हिला पाऊसच माहीत नाही, म्हणून तिनं पाणी काडीत भरून ठेवलंय. नाहीतर एकच घराणं. मी तिथं बसून रडले. नायराला वाटलं, मला ऊन लागलं.

ती म्हणाली, इथं कुणीही कुठलं पान तोडत नाही, कायद्यानं बंदी आहे. आणि त्याच दुपारी मी सोमनाथ सरांना बघितलं. सगळे बसकडे गेले होते. मी अश्विनीताईंची टोपी आणायला मागे फिरले. अश्विनीताई म्हणजे आमच्यातल्या निवृत्त शिक्षिका. सर एका दगडाआड पाठमोरे बसले होते, हातात बारकी सुरी. खडकावर भाकरी थापून चिकटवावी तशी एक चपटी हिरवी वनस्पती इथं कड्यांना असते, तिची मुळं ते अलगद सोडवत होते.

मी म्हटलं, “सर, हे...”

ते दचकले नाहीत. “अगं, ही दरड यंदा ना पुढल्या वर्षी कोसळणारच. इथं मरण्यापेक्षा माझ्याकडे जगेल.” आणि रोप रुमालात गुंडाळून खिशात घातलं. हसून म्हणाले, “तुझ्याकडचीही अशीच वाचवायला हवीत.”

मामा, लवकर उत्तर द्या. पण तुम्ही मंगळवारीच खाली येणार, हेही मला ठाऊक आहे.

रत्ना


वेल्हे
मंगळवार, १७ सप्टेंबर

रत्ना,

कड्यावर जा म्हनलीस. म्या तुजं पत्र वाचायच्या आधीच जाऊन आलो. परवा, रविवारी.

म्या तुला खोटं लिवलं व्हतं. त्यांना म्या माघारी धाडलं न्हाई. म्याच घेऊन गेलो.

आता सगळं लिवतो. चा पिताना त्यातला थोरला म्हनला, “काका, रत्ना मॅडमचं काम पक्कं व्हायचंय, सायेब तुमच्या डोंगराचं पुस्तक काढणार हायत, फोटो मिळालं तर मॅडमचंच नाव व्हनार.” तुजी आई गेल्यावर तू सहा वर्षांची आमच्या दारात आलीस. वाड्यावरनं चार कोस चालत साळंला गेलीस. मला वाटलं, आपल्या हातून पोरीला येवढं तरी व्हावं. म्हनून त्यांना बेलाच्या घळीतनं वर चढवलं. फोटो काढलं. वाट कुठनं सुरू व्हती, पाय कुठं ठेवायचा, समदं दावलं. खाली उतरल्यावर त्यांनी हात जोडलं.

तुला लिवताना लाज वाटली. तू नको म्हनली व्हतीस. म्हनून माघारी धाडलं असं लिवलं. पन त्या दिसापासनं जेवन गोड लागंना. रविवारी पाऊस थांबला तवा गेलो.

कायबी न्हाई राह्यलं, पोरी. लाल मातीत निस्ते खड्डे. वीतभर खोल, टिकावानं न्हाई, बारक्या खुरप्यानं काढल्यागत, नीट. येल तोडून बाजूला टाकल्यालं, फुलं तशीच. म्या खड्डं मोजलं. त्रेचाळीस. कडंच्या टोकाला दोन राह्यल्यात, तिथवर त्यांचा हात पोचला नसंल.

दुष्काळात आमी ते कंद खाल्ल्यात. माज्या आज्यानं उकडून दिल्यालं. पन धा काढलं तर चाळीस ठेवायचं, असं त्यो शिकवायचा. ही मानसं असली कशी?

मामी माज्याशी बोलत न्हाई. ताट वाढती आन उठून जाती.

काल फॉरेस्टच्या गार्ड बाईला नुसतं सांगितलं की कड्यावर उकराउकर झाली. तिचं नाव गायत्री, नवी हाय, तुज्याच वयाची. तिनं इचारलं, “काका, त्या घळीतनं वर जायची वाट बाहेरच्या मानसाला कशी कळली?” म्या शेळ्यांचं निमित्त काढून उठलो. ती पुन्यांदा आली तर काय सांगू? माजं नाव सांगितलं तर तुज्या सायबाचं निघंल, त्याचं निघालं की तुजं. तू परदेशात हायस. तू माघारी येईस्तोवर गप बसतो. तू म्हनशील तसं.

मामा


टेनेरिफ
बुधवार, १८ सप्टेंबर

मामा,

तुमचं पत्र काल दुपारी जेवणाच्या टेबलावर वाचलं. वाचून होईपर्यंत समोरचे लोक काय बोलत होते मला ऐकू आलं नाही.

तुम्ही गुन्हा कबूल केलात तो निम्माच तुमचा आहे. निम्म्याहून जास्त माझा आहे. मी सरांना सांगितलं होतं.

जानेवारीत त्यांच्या रोपवाटिकेत मुलाखतीला गेले होते. आठ-दहा मुलं होती, पुण्याची, चटपटीत, परदेशातल्या झाडांची नावं घडाघडा सांगणारी. सरांनी मला विचारलं, “तुझं वेगळं काय?” मला काहीच सुचेना. मग मी मोबाईल काढला आणि कड्यावरचे फोटो दाखवले. ही जात फार थोड्या ठिकाणी उरलीय, आणि त्यातली एक जागा माझ्या मामांना ठाऊक आहे, असं मी सांगितलं. ते फोटो बघताना त्यांचा चेहरा बदलला. दुसऱ्या दिवशी फोन आला की तुला घेतलं, सप्टेंबरच्या सहलीलाही चल. मोबाईलच्या फोटोत जागेचा नकाशाही नोंदला जातो हे मला माहीत होतं, मामा. मी ते फोटो त्यांना पाठवले. आणि तुम्हाला लिहिलं, ‘मी कुणालाही काही सांगितलेलं नाही.’

आता पुढचं. आज सकाळी सर माझ्या खोलीच्या दारात आले. हातात बुटांचा खोका, टेपनं बंद केलेला. म्हणाले, “माझी बॅग भरली, तुझ्यात जागा आहे, हे कपड्यांच्या मध्ये ठेव.”

मी विचारलं, “काय आहे?”

“बिया आणि थोडे नमुने.”

मी उघडायला लागले तर त्यांनी हात धरला. जोरात नाही. पण धरला.

मी म्हटलं, “मला नाही जमणार, सर. आणि कड्यावरचे कंद तुमच्या माणसांनी काढलेत हे मला कळलंय.”

ते खुर्ची ओढून बसले. मोठ्या माणसानं लहान मुलाला समजवावं तसं बोलू लागले. “माझी माणसं म्हणून कुठं लिहिलंय? वाट तुझ्या मामांनी दाखवली. फॉरेस्टवाले आले तर पहिल्यांदा त्यांनाच उचलतील. कड्याचे फोटो तुझ्या मोबाईलवरून आलेत. मी गप्प आहे तोवर तुम्ही दोघं सुरक्षित आहात. शनिवारी आपण पुण्याला जाऊ, खोका मला देशील, विषय संपला.”

खोका ते ठेवूनच गेले, तो माझ्या पलंगाखाली आहे. ते गेल्यावर कडेची टेप जरा उचलून बघितलं. बिया नाहीत. वर्तमानपत्रात गुंडाळलेली रोपं आहेत, मुळांना ओला कापूस. लांझारोटेच्या राखेतली चौकोनी देठांची, आपल्या माकडशिंगीसारखी, ती तर फार दुर्मीळ. खाली कंदीलवाल्या काड्या.

शनिवारी सकाळी विमान. तुम्ही मंगळवारी खाली याल, तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. मी नायराला सांगितलं तर सर तुमचं नाव घेतील. नाही सांगितलं तर खोका माझ्या बॅगेत. तुम्ही पोलीस ठाण्याच्या बाकावर बसलेले आहात असं मला सारखं दिसतं. काय करू कळत नाही.

रत्ना


मार्गासनी
गुरुवार, १९ सप्टेंबर, दुपार

रत्ना,

आज मंगळवार नसताना खाली आलोय. तुला एक गोष्ट कळवायची व्हती, ती आधी लिवतो.

गप बसतो म्हनलं व्हतं, पन बसवलं न्हाई. काल सकाळी गायत्रीबाई परत वाड्यावर आली. मामीनं तिला पानी दिलं आन माज्याकडं न बघता म्हनली, “ह्यांना काय सांगायचं ते सांगू द्या, म्या भाईर बसती.” म्या सांगितलं. बाई म्हनली, “काका, वाट कुनी दाखवली हे मला लिवायलाच लागंल.” म्या म्हनलं, “लिवा. हनुमंत ढेबे, धनगरवाडा.” तिनं पेन थांबवलं. म्हनली, “तुमच्यावर केस होऊ शकते.” म्या म्हनलं, “खड्डं त्रेचाळीस हायत बाई, एक बी खोटा न्हाई. लिवा.”

आज पंचनामा झाला. चार मानसं कड्यावर नेली, माजा गुडघा सुजलाय. दोन राह्यलेल्यांना त्यांनी जाळी लावली. टेम्पोचा नंबर म्या पाठ केला न्हवता, पन मागं बोनसाय झाडाचं चित्र व्हतं ते सांगितलं. मग त्यांच्याच जीपमधनं मार्गासनीला उतरलो, म्हनलं रेंज हाय तर तुला कळवावं.

येवढं लिवलं आन मोबाईल वाजला. तुजं कालचं पत्र आलं. रस्त्याच्या कडंला दगडावर बसून वाचलं.

पोरी, मला राग आला. लई आला. तू नोकरीसाठी कडा दिलास, आन मला लिवलंस, म्या न्हाई सांगितलं. म्या तुज्या नोकरीसाठी वाट दावली, आन तुला लिवलं, म्या माघारी धाडलं. दोघांनी एकमेकांपासनं लपवलं आन मधल्या मधी खरपुडी गेली. घरी असतीस तर म्या काय बोललो असतो त्ये कागदावर उतरत न्हाई.

पन त्यो राग तू आल्यावर. आता ह्ये वाच.

तुजा सायेब तुला माजं भ्या घालतोय. त्ये आता राह्यलं न्हाई. माजं नाव माज्याच तोंडानं कागदावर गेलंय, खाली माजी सही हाय. तो आनखी काय सांगनार? तुजं नाव म्या घेतल्यालं न्हाई. ते तुजं तू सांग.

खोका तुजा न्हाई. पलंगाखाली ठेवू नगंस. त्या नायराबाईकडं जा. उद्याच जा. ज्या मातीतली रोपं हायत तिथल्या मानसाच्या हातात दे. आन खोटं एक बी बोलू नगंस, तुज्या फायद्याचं असंल तरी.

म्या हितं साडेपाचपत्तुर बसतो. पत्राखालच्या दोन खुना निळ्या झाल्या की कळंल तू वाचलंस.

मामा

साडेपाच वाजलं. निळ्या झाल्या न्हाईत. गायत्रीबाई म्हनती, तिकडं आत्ता दुपार असंल, पोरं भटकत असतील. शेवटची गाडी हाय, जातो.


टेनेरिफ
मंगळवार, २४ सप्टेंबर

ती. मामा,

तुमचं पत्र मी गुरुवारी संध्याकाळी बघितलं, दिवसभर डोंगरात होतो. 

शुक्रवारी सकाळी नाश्त्याच्या वेळी खोका काखेत धरून जिना उतरले. सर खालीच होते. म्हणाले, “हे कुठं निघालीस?”

मी म्हटलं, “माझ्या मामांनी जबाब दिलाय. स्वतःच्या नावानं.”

एवढंच. त्यांच्या हातातला चहा तसाच राहिला. मग ते झटकन उठले आणि खोक्याला हात घातला. मी सोडला नाही. ओढाओढीत खोका फुटला आणि फरशीवर सगळं पसरलं. आमचे लोक उभे राहिले. एक जण म्हणाला, रत्ना, तमाशा करू नकोस, उद्या विमान आहे. तेवढ्यात अश्विनीताई खाली वाकल्या आणि एकेक रोप उचलून आपल्या ओढणीत गोळा करायला लागल्या. काही विचारलं नाही त्यांनी. त्यांनी असं केल्यावर सरांना पुढे यायला जमेना.

नायरानं फोन लावला. इथं निसर्गाचं बघणारे वेगळे पोलीस असतात, ते अर्ध्या तासात आले. सरांच्या मोठ्या बॅगेत आणखी सापडलं, बुटांत, मोज्यांत, एका थर्मासमध्ये. एकूण अठ्ठावन्न. मी सगळं सांगितलं. जानेवारीपासून. मोबाईल त्यांच्या हातात दिला, कड्याच्या फोटोंसकट. लिहून घेणारा माणूस मध्येच म्हणाला, हे तुमच्या देशातलं आहे, आमच्याकडे त्याचा गुन्हा नाही. मी म्हटलं, तरी लिहा.

विमान चुकलं. सहलीतले लोक गेले. जाताना दोघांनी माझ्याकडे बघितलंही नाही, त्यांचं म्हणणं, घरचं भांडण परदेशात कशाला. सरांचा पासपोर्ट काढून घेतलाय, त्यांचं प्रकरण इथंच चालेल. माझाही तीन दिवस काढून घेतला होता. ते तीन दिवस कसे गेले ते समोर बसून सांगेन. अश्विनीताईंनी स्वतःचं तिकीट पुढे ढकललं आणि माझ्याबरोबर थांबल्या. काल पासपोर्ट परत मिळाला. साक्षीसाठी बोलावलं तर व्हिडिओवरून बोलायचं आहे.

रोपं इथल्या वनस्पती उद्यानात नेली. तिथल्या बाईंनी त्यांचा कापूस सोडवला आणि एकेक रोप वासावरून, देठाच्या कापावरून तपासलं. म्हणाल्या, काड्यांतल्या बऱ्याचशा जगतील, माकडशिंगीसारख्यांची खात्री नाही. मी विचारलं, परत लावायला कधी नेणार? त्या म्हणाल्या, कुठून काढली ते कुणी सांगितलं तर. मला दगड ओळखू येत होता. शनिवारी त्यांच्या गाडीत बसून मी जागा दाखवली. चपट्या हिरव्या रोपाची फट तशीच रिकामी होती, आत ओलसर.

नोकरी गेली, हे वेगळं सांगायला नको. शिकून आलेली भाची मामाला कोर्टात उभं करते, असं लोक म्हणतील. म्हणू देत.

सव्वीसला मुंबईला उतरते. चार-पाच दिवस पुण्याला अश्विनीताईंकडे, तिथल्या वनखात्याच्या ऑफिसात मलाही जबाब द्यायचाय. मग येऊ का, मामा? खरंच विचारतेय. नको म्हणालात तरी मी समजेन.

रत्ना


वेल्हे
मंगळवार, १ ऑक्टोबर

रत्ना,

तुजं पत्र आजच वाचलं. मधल्या मंगळवारी म्या खाली आलो तवा ते आलं न्हवतं, आन त्यानंतरचं दिस मेंढरामागं गेलं. तू पुन्याला येऊन चार दिस झालं आन म्या हितं काळजीत व्हतो.

खबर सांगतो. टेम्पो घावला. कामथडीच्या पुढं एका शेडमधी. गायत्रीबाई बरोबर गेली व्हती, तिनंच सांगितलं. क्रेटमधी वाळूत ठेवल्यालं कंद निघालं, सव्वीस. चार नासल्यालं. बाकीचं आधीच इकलं असनार, ते काय गावत न्हाईत. दोघं मानसं धरली. त्यांनी सायबाचं नाव घेतलं.

बावीस कंद खात्यानं पुन्याच्या कॉलेजातल्या मानसांना दाखवून परत वाड्यावर आनलं. गेल्या शनिवारी लावलं. मला बोलावलं. म्या म्हनलं, माज्यावर केस हाय, म्या कसा येऊ. गायत्रीबाई म्हनली, केस आपल्या जागी, पन कंद कसा बसवायचा, डोळा वर ठेवायचा का आडवा, ते आमच्यात कुनाला ठाऊक हाय? गेलो. माज्या हातानं बावीस लावलं. जुन्याच खड्ड्यात. एकवीस खड्डं मोकळं राह्यलं, ते बुजवलं न्हाईत. मुद्दाम.

औंदा येल दिसनार न्हाई. पुढच्या जूनमधी कळंल किती जगलं.

भोरच्या कोर्टात माजी पयली तारीख चौदा ऑक्टोबरला हाय. वकील म्हनतो, स्वतःहून सांगितलंय म्हनून बहुतेक सुटशील, पन काय सांगता येत न्हाई. पंचवीस वर्सं फॉरेस्टची रोजंदारी केली, वनवा अडवायला जाळपट्टं काढलं, आन आता त्यांच्याच कागदात आरोपी. पयल्या दिवशी लई वाईट वाटलं. आता तेवढं न्हाई.

मामी बोलायला लागली. काय बोलली सांगू? म्हनली, “रत्नाला लिवा, तारखंला ती तुमच्यासंगं भोरला यायला पायजे. बसंल शेजारी.” तुजं आधीचं, कबुलीचं पत्र वाचून दावलं तर तिनं डोळं पुसलं न्हाईत, पन उठून ज्वारी निवडायला घेतली.

येऊ का म्हनून इचारतीस. ह्ये काय इचारनं झालं?

शुक्रवारच्या गाडीनं ये. म्या मार्गासनीच्या फाट्यावर उभा असंन. वर चढताना दोन तास लागत्यात. तेवढ्यात म्या काय बोललो न्हाई तर मला बोलायला लावू नगंस. राग अजून हाय, तुजा बी आन माजा बी. पिशवी म्या घेईन. वाड्यावर पोचू, मामी पानी देईल, मग बसून पयल्यापासनं सगळं सांगू एकमेकांला.

मामा